तळहाताएवढ्या पत्र्यातून न्यूट्रॉन

किर्लोस्करवाडीच्या परिसरात तयार होणाऱ्या पंपांसारख्या एखाद्या पंपाच्या जाड बिडाच्या कवचाआड पाणी कसे वाहते हे पाहायचे असेल, तर क्ष-किरण फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांना लोखंडच अडवते. न्यूट्रॉनांचे उलटे आहे. लोखंडातून ते बऱ्यापैकी पार होतात. पाणी, तेल, रबर यांतील हायड्रोजनवर मात्र जोराने विखुरतात. म्हणूनच मातीच्या पातळ पेटीत वाढवलेल्या रोपाची मुळे पाणी कशी ओढतात, हेही मुळे न उकरता पाहता येते, आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराला या प्रश्नाचे मोल सांगावे लागत नाही.

मोकळा न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांच्या आत विघटन पावतो, त्यामुळे तो साठवून आणण्याची सोय नाही. लागेल तिथेच, मग ते सांगलीतले एखादे महाविद्यालय का असेना, तो निर्माण करावा लागतो. मुंबईतल्या तुर्भ्याची (ट्रॉम्बे) 1985 मध्ये सुरू झालेली 100 मेगावॉटची 'ध्रुव' अणुभट्टी हे काम करते, परंतु अशी भट्टी महाविद्यालयाच्या आवारात उभारता येत नाही. लहान त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, मात्र एका मोठ्या खोलीत मावू शकतो. त्यातून वेगवान झालेले प्रोटॉन लिथियमवर किंवा बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यासाठी प्रोटॉनची ऊर्जा लिथियमच्या बाबतीत किमान 1.88 आणि बेरिलियमच्या बाबतीत 2.06 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असावी लागते. जपानच्या रिकेन संस्थेतील असा स्रोत 7 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनांवर चालतो.

माझ्या मते या उभारणीचा खरा कस त्वरकात नाही, तर प्रोटॉन ज्यावर आदळतात त्या लिथियमच्या किंवा बेरिलियमच्या पत्र्यात लागतो. शेकडो, कधी हजारो प्रोटॉनांमागे एखादाच न्यूट्रॉन मिळतो आणि बाकीची जवळजवळ सारी ऊर्जा उष्णता होते. 2.5 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा 10 मिलिअँपिअरचा प्रोटॉनांचा झोत म्हणजे 25 किलोवॉट, अर्थात घरातल्या डझनभर गिझरांची उष्णता तळहाताएवढ्या जागेत. आणि लिथियम तर 180 अंश सेल्सिअसलाच वितळते. बेरिलियम उष्णता सोसते, पण त्यात थांबलेले प्रोटॉन हायड्रोजन होऊन साचतात, धातूला फोड येतात आणि पत्रा तडकतो. यावरचा रिकेनचा उपाय मला फार सुंदर वाटतो: बेरिलियम अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ ठेवायचे, म्हणजे प्रोटॉन त्यातून पार होऊन पाठीमागच्या व्हॅनेडियममध्ये थांबतात, आणि तो धातू हायड्रोजन सहज सामावून घेतो.

निघालेले न्यूट्रॉन अतिवेगवान असतात. सारख्या वजनाच्या गोटीवर गोटी नेमकी आदळली की पहिली जागीच थांबते. तसेच पॉलिथिनमधल्या, जवळजवळ न्यूट्रॉनइतक्याच वजनाच्या हायड्रोजनच्या केंद्रकांशी सुमारे 20 टकरी झाल्या की न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला 2 किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तोच प्रयोगांना सोयीचा असतो.

किरणोत्सर्ग अडवायला भोवती बोरॉनमिश्रित पॉलिथिन, शिसे आणि जाड काँक्रीट लागते, शिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही. सांगलीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते: कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तर झोताची रेषा मिलिमीटरच्या अंशानेही ढळून चालत नाही, म्हणून त्वरकाची मागणी नोंदवण्याआधी पाया खालच्या पक्क्या थरापर्यंत नेण्याचा आराखडा हाती असायला हवा.