सामुदायिक खतनिर्मिती (ग्रामीण विदर्भ)

गावातील शेण, पिकांचे अवशेष, पालापाचोळा व झाडलोट गावकऱ्यांनी एकत्र जमवून, ती ठरलेल्या जागी कुजवून त्यांचे खत करण्याच्या व ते आपसांत वाटून घेण्याच्या पद्धतीला सामुदायिक खतनिर्मिती म्हणतात. शहरांत या कामाचा भर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर असतो. विदर्भातील खेड्यात मात्र भाजीची देठे आणि शिळे अन्न शेळ्या-गाईंपुढे जाते. उरते ती कापसाची पऱ्हाटी (वाळलेली झाडे), तुराटी (तुरीची वाळलेली झाडे) आणि ढोरांनी न खाल्लेले सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा). येथील प्रश्न मुख्यतः या कोरड्या, काष्ठमय मालाचा आहे.

घरटी उकिरडा ही जुनी रीत. शेण, राख आणि झाडलोट वर्षभर उघड्यावर साठवायची आणि उन्हाळ्यात बंडीने शेतात न्यायची, या पद्धतीत नत्राचा बराचसा भाग ऊन-पावसात वाया जातो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळील शेगावात (१९४० पासून सेवाग्राम) राहायला आले, तेव्हा ग्रामसफाईबरोबरच मैला व शेण यांचे खत करण्याचा आग्रह त्यांनी धरला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराट्याला प्रतिष्ठा दिली. परंतु झाडून गोळा केलेल्या कचऱ्याचे पुढे काय करायचे, याचे सर्वांत नेमके उत्तर विदर्भाला पुसदकडून मिळाले.

पुसद (जि. यवतमाळ) येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. यासाठी जमिनीवर १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी विटांची टाकी बांधतात आणि हवा खेळावी म्हणून तिच्या भिंतींत झरोके ठेवतात. सुमारे ६ इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), त्यावर चाळलेली कोरडी माती, असे थर एकावर एक देत टाकी एक-दोन दिवसांतच भरून काढतात आणि माथा शेणमातीने लिंपून टाकतात. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसला की पुन्हा भर घालावी लागते. पुढे लिंपणाला भेगा पडल्यास त्या बुजवून वर शेणपाणी शिंपडतात. एका टाकीस १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, जवळजवळ १,७५० किलो माती आणि केवळ ९० ते १०० किलो शेण लागते, व तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत निघते. शेणाची ही काटकसर हेच नाडेपचे मर्म होय, कारण बैलजोड्या कमी होत चाललेल्या गावात एकट्या घरचे शेण पुरत नाही, पण चार-पाच घरांचे सहज पुरते.

पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र थोडे असल्याने ती अखंड टाकल्यास कुजत नाही. बारीक तुकडे करावेच लागतात. एरवी सरपण म्हणून धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत, वाळलेल्या बोंडांमध्ये, गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. पऱ्हाटीचा भुगा करून खतात घातल्यास अळीचा हा आसरा मोडतो, हा दुसरा, कदाचित अधिक मोलाचा लाभ.

अडचण पाण्याची. एका टाकीला दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. कुटाराची टाकी दिवाळीनंतर भरता येते. पऱ्हाटी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये उपटली जाते, म्हणजे नेमकी विहिरी तळ गाठू लागतात तेव्हा. बचत गटांच्या गांडूळखतालाही हाच ताप आहे, कारण पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की सावली आणि सतत ओलावा यांवाचून गांडुळे टिकत नाहीत.

वाटपाचा नियम आधी ठरला नाही, तर टाकीत पुढे सरपणच भरलेले दिसते. शेण देणाऱ्याचा वाटा किती आणि केवळ श्रम करणाऱ्या भूमिहीनाचा किती, हा तंटा खत कुजण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. भूमिहीनाने आपला वाटा विकावा, ही सोय त्यातल्या त्यात चालणारी.

तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत असते व त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. चाळताना हमखास सापडतात त्या खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) प्लास्टिकच्या पन्न्या. त्या वेचून काढाव्या लागतात. चाळणीवर राहिलेले पऱ्हाटीचे तुकडे पुढच्या टाकीच्या तळाशी जातात.