बिनबुडाचं पातेलं

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणीत. रोहिणीच्या जवळजवळ समोर, आकाशाच्या पलीकडच्या टोकाला ज्येष्ठा. म्हणून नागपूरचे हे सगळ्यात तापट नऊ दिवस वृश्चिक बघायला सगळ्यात चांगले. मध्यरात्री कूलर सोडून गच्चीवर आलं की दक्षिणेला अख्खा विंचू पसरलेला असतो.

परवा गच्चीवर पडल्यापडल्या भाचीने विचारलं, "मामा, कृष्णविवर दिसतच नाही, तर ते आहे हे कशावरून?"

ज्येष्ठेच्या वर, हात लांब करून धरलेल्या एका मुठीइतक्या अंतरावर, स्कॉर्पियस एक्स-१ आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, तो झळकतो क्ष-किरणांत. क्ष-किरण हवेतच शोषले जातात, म्हणून जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेट सोडलं. शोधत होते चंद्रावरून येणारे क्ष-किरण, सापडला हा. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, त्यातला एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा घट्ट दाबला गेलेला गाभा. व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. सीताबर्डीहून निघालं तर बुटीबोरी यायच्या आत संपेल, पण वजन सूर्याहून जास्त. तो जोडीदाराचा वायू ओढतो, वायू चकतीसारखा गरगरत आत येतो, घासून कोटभर अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. आपले पंचेचाळीस अंश काय घेऊन बसलात!

अडचण अशी, की कृष्णविवराभोवतीही अशीच चकती तापते. मग ओळखायचं कसं? एक उपाय वजनाचा. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ मधला निळा तारा ५.६ दिवसांत एक फेरी मारतो. त्याच्या हालचालीवरून न दिसणारा जोडीदार सुमारे २१ सूर्यांइतका भरतो. न्यूट्रॉन ताऱ्याला साधारण तिनाच्या वर जाताच येत नाही.

मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. त्यावर पडलेला हायड्रोजन, हेलियम सायीसारखा थर धरतो, दाबाखाली तापत जातो आणि अचानक उतू जातो: सेकंदभरात क्ष-किरणांचा भडका, मग तो हळूहळू विझतो. असा भडका १९७५ मध्ये धनु राशीतल्या एका तारकागुच्छात सापडला. तिथली जोडी एक फेरी अवघ्या अकरा मिनिटांत पुरी करते. ठेल्यावर तर्री पोहे हातात येईपर्यंत तिथलं एक वर्ष संपलं. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही. पातेल्याला बूडच नसेल तर दूध साचणार कुठे आणि उतू जाणार कसं? अशा भडक्यांवर आणि चकत्यांच्या लुकलुकण्यावर आपल्या 'ॲस्ट्रोसॅट' या उपग्रहानेही २०१५ पासून नजर ठेवली.

"म्हणजे भडका नाही तर कृष्णविवर," भाचीने निकाल दिला.

तिथेच फसायला होतं. स्कॉर्पियस एक्स-१ मध्ये असा भडका कधी नक्की पकडला गेलेला नाही, तरी इतर खाणाखुणांवरून तो न्यूट्रॉन ताराच मानला जातो. त्याच्यावर वायू इतक्या वेगाने ओतला जातो, की थर साचण्याआधीच सतत जळत राहत असावा.