अपारंपरिक गॅस: एका शब्दाचा घोळ

उमरेड, सावनेर, कामठी म्हटलं की कोळसा, हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. त्याच कोळशात मिथेनही अडकून असतो, आणि तो काढायचं धोरण १९९७ मध्ये आलं तेव्हापासून 'अपारंपरिक' हा शब्द लोकांना चकवून राहिलाय.

शाळेच्या पुस्तकात अपारंपरिक ऊर्जा म्हणजे ऊन, वारा, गोबर गॅस. भाचा परवा विचारतो, "मामा, शेल गॅस अपारंपरिक, म्हणजे स्वच्छच ना?" आता काय सांगावं! शेल म्हणजे चिखलाचा घट्ट झालेला खडक, त्यात अडकलेला तो शेल गॅस. गॅस तोच मिथेन, जळल्यावर धूरही तोच, फक्त अडकलाय अवघड जागी म्हणून काढायची रीत वेगळी. शेलमध्ये पाणी, वाळू, केमिकल दाबानं घुसवून खडक फोडावा लागतो, यालाच फ्रॅकिंग म्हणतात, कोळशाच्या थरातलं मात्र आधी पाणी उपसायचं, दाब उतरला की गॅस सुटतो. सरकारी कागदातही हाच गुंता. कोळशातला मिथेन काढायला दिलेला जमिनीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, ज्याच्याकडे त्याला त्याच जमिनीतला शेल गॅस काढायची मुभा नव्हती, २०१३ चं शेल धोरण फक्त सरकारी कंपन्यांपुरतं, मग २०१८ मध्ये पेट्रोलियमच्या व्याख्येतच शेल घातलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. एवढ्यात पाच वर्षं गेली.

अमेरिकेत खडक फोडायचा पहिला प्रयोग १९४७ चा, पण धंदा जमला २००० नंतर, आडवी विहीर खोदायला लागल्यावर. २००५ मध्ये तिथल्या कायद्यानं फ्रॅकिंगला, डिझेल वापरलं नाही तर, पिण्याच्या पाण्याच्या नियमातून सूट दिली. माझ्या मते हा गॅस स्वस्त दिसतो तो इथूनच, पाण्याचा खर्च हिशोबात धरलाच नाही ना. विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त उतरतं, मग नवी खोदा, नवं कर्ज काढा. अशाच विहिरींतून निघणारं तेल २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला शंभर डॉलरवर होतं तोवर जमलं, २०१६ च्या सुरुवातीला तिशीखाली आलं तशा दिवाळखोऱ्या वाढल्या.

आणि पाणी? एका शेल विहिरीला दीड-दोन कोटी लिटर सहज लागतं, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड-दोन हजार खेपा. मे महिन्यात आमच्या गल्लीत एक टँकर आला तरी पाइप कोण धरणार यावरून भांडणं होतात! वर आलेलं पाणी खारट, ते पुन्हा टाकायचं कुठं. गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. खाणीत तर तो मजुरांच्या जिवावर उठू नये म्हणून पंख्यानं बाहेर सोडतात, म्हणजे विकला तर जळून कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत, सोडला तर मिथेन म्हणूनच हवेत.