आरशाचा कॅमेरा घ्यावा की बिनआरशाचा?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. हिवाळ्यात तिथे पक्षी टिपायला नाशिकहून जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या गळ्यात आता डीएसएलआर (आरशाचे) आणि मिररलेस (बिनआरशाचे) असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे दिसतात. यातला कोणता घ्यावा, याचे उत्तर छायाचित्राच्या दर्जात शोधले तर हाती फारसे काही लागत नाही, कारण निकॉनच्या डी८५० या डीएसएलआरचा आणि झेड७ या मिररलेसचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, सारखाच ४५.७ मेगापिक्सेलचा आहे. खरा फरक आहे तो लेन्समधून आत आलेला प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधी कुठे वळवला जातो, यात.

डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे ४५ अंशांत कललेला आरसा असतो. तो प्रकाश वर पाठवतो आणि पंचकोनी लोलकातून किंवा आरशांतून फिरून तो आपल्या डोळ्यापर्यंत येतो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असल्याने थोडा प्रकाश पलीकडे जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरवर पडतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका जागी आणि चित्र उमटते दुसऱ्या जागी. या दोन मार्गांच्या लांबीत किंचितही तफावत राहिली, की पक्ष्याच्या डोळ्याऐवजी त्याच्या मागची फांदी धारदार येते. महागड्या डीएसएलआरमध्ये ही तफावत लेन्सगणिक दुरुस्त करण्याची सोय दिलेली असते, ती यासाठीच. शिवाय बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि तेवढा वेळ ना आपल्याला काही दिसत, ना त्या फोकस यंत्रणेला.

मिररलेसमध्ये फोकसची मोजणी चित्र उमटवणाऱ्या सेन्सरवरच होते, त्यामुळे वरील तफावतीचा प्रश्नच उरत नाही. मोजणीचे बिंदू मध्यभागी गर्दी न करता जवळजवळ पूर्ण चौकटभर पसरलेले असतात, आणि संपूर्ण चित्र सतत समोर असल्याने अलीकडचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्याचा पाठलाग करतात. उडत्या पक्ष्यांसाठी मिररलेस उजवा मानावा, तो माझ्या मते प्रामुख्याने या एका कारणासाठी. वजनाचा मुद्दा उगाच मोठा केला जातो, कारण लांब पल्ल्याची लेन्स दोन्हीकडे जडच असते. (डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय, सुरू केला की आरसा वरच राहतो आणि तो तात्पुरता मिररलेसच बनतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.)

याची किंमत बॅटरी मोजते. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहण्याच्या खिडकीत, छोटा पडदा असतो. छायाचित्र किती उजळ येईल हे तो आधीच दाखवतो, पण त्यासाठी पडदा आणि सेन्सर दोघांनाही अखंड वीज लागते. प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगमध्ये डी८५० सुमारे १,८४० छायाचित्रे काढतो, तर झेड७ सुमारे ३३०. सलग छायाचित्रे घेताना प्रत्यक्षात हा आकडा बराच वाढतो, तरी दिवसभराच्या भटकंतीला जादा बॅटरी हवीच.

आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरबाबतही सावध असावे. बहुतेक सेन्सर ओळीमागून ओळ वाचले जातात, त्यामुळे झपाट्याने फडफडणारा खंड्याचा पंख वाकडा उमटू शकतो आणि नाशिकच्या गंगाघाटावरच्या एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे येऊ शकतात. अशा वेळी यांत्रिक शटर वापरणे बरे.

नवी खरेदी आणि पुरेसे पैसे, असे असेल तर मिररलेसच घ्यावा, कारण कॅनन आणि निकॉन यांच्या नव्या लेन्स आता त्याच्यासाठीच निघतात. हाती बेताची रक्कम असेल, तर जुना डीएसएलआर घेऊन उरलेले पैसे लांब पल्ल्याच्या लेन्सवर खर्च करणे शहाणपणाचे. ती लेन्स पुढेही कामी येते: निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी, तर झेड मालिकेत १६ मिमी आहे, आणि मधली ३०.५ मिमीची जागा ॲडॉप्टर भरून काढतो. मात्र निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. म्हणून जुनी लेन्स घेताना तिच्यात स्वतःची मोटर आहे ना, हे आधी पाहावे, नाहीतर पुढे मिररलेसवर फोकस हातानेच फिरवावा लागेल.