नाकाचा भरवसा नाही म्हणून: गॅस डिटेक्टरची पार्श्वभूमी

पुण्यात ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कुणी अडकलं आणि बंब आला, की जवान आधी उतरत नाहीत. झाकण बाजूला सरकतं आणि तळहातात मावेल एवढ्या गॅस डिटेक्टरच्या डबीला जोडलेली नळी खाली सोडली जाते. डबीच्या पडद्यावर चार आकडे असतात: ऑक्सिजन २०.९ टक्के, बाकी तिन्ही शून्य. नळी खाली जाते तसा पहिला आकडा घसरायला लागतो, २०.१, १९.८, आणि १९.५ च्या खाली गेला की डबी किंचाळते. लाल दिवे लुकलुकतात, हातातली डबी थरथरते. रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत असताना नुसत्या आवाजावर विसंबून चालत नाही, म्हणून ही थरथर.

पण हे चारच आकडे का? ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. ना क्लोरीन, ना अमोनिया. याचं उत्तर रसायनशास्त्रापेक्षा इतिहासात जास्त आहे.

आपल्याकडे ही चाचणी फार जुनी आहे, फक्त तिला बॅटरी नव्हती. धान्याचं किंवा हळदीचं पेव (साठवणीचं जमिनीखालचं तळघर) उघडलं, की शहाणा माणूस लगेच उतरत नसे. तोंड काही वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर माणूसही विझणार. आतल्या मालाच्या श्वसनानं ऑक्सिजन संपलेला असतो आणि तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत तग धरत नाही. पण कंदिलाला विषारी वायू कळत नाही, आणि खाली मिथेन असेल तर कंदील हीच काडी ठरते.

नेमका हाच पेच इंग्लंडच्या कोळसा खाणींत होता. १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं गेली. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीनं ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आग बाहेर पडत नाही. उजेडासाठी केलेला हा दिवा मोजमापाचं साधनही ठरला, कारण हवेत मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. तिची उंची बघून अनुभवी कामगार प्रमाण सांगत.

स्फोटातून वाचलेलेही पुढे मरत, ते कार्बन मोनॉक्साइडनं. त्याला ना रंग, ना वास. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात सुचवलं, की छोटा, जलद श्वास घेणारा प्राणी सोबत न्यावा, तो माणसाच्या आधी कोसळेल. त्यातून कॅनरी पक्षी खाणीत गेला. काही पिंजऱ्यांना छोटं ऑक्सिजनचं नळकांडं जोडलेलं असे, पक्षी पडला की त्याला शुद्धीवर आणायला. ब्रिटनमध्ये १९११ पासून वापरात असलेल्या या पक्ष्यांना निवृत्त करायचा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये. तोवर लोक घरी रंगीत टीव्ही बघत होते.

विजेवरचा डिटेक्टर आला तेलाच्या धंद्यातून. टँकर जहाजांच्या रिकाम्या टाक्यांत वाफा साठून स्फोट होत, म्हणून १९२६-२७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका तेलकंपनीत ऑलिव्हर जॉन्सननं तापलेली प्लॅटिनमची तार वापरली. वायू तारेवर जळतो, तार आणखी तापते, तिचा रोध वाढतो आणि काटा हलतो. पुढे ब्रिटनच्या खाण-सुरक्षा प्रयोगशाळेत या तारेवर उत्प्रेरक लावलेला मणी चढला. आजच्या डबीतला ज्वालाग्राही वायूचा सेन्सर पुष्कळदा हाच मणी असतो. मण्यावर वायू जळायला ऑक्सिजन लागतो. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा, मग ज्वालाग्राहीचा. ऑक्सिजनच नसेल तर वायू जळत नाही आणि मणी खोटं शून्य दाखवतो.

ऑक्सिजनच्या सेन्सरची वाट मात्र ऑपरेशन थिएटरमधून येते. लेलँड क्लार्कनं १९५० च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजायला पातळ पडद्याआडचा इलेक्ट्रोड बनवला. पडद्यातून वायू आत झिरपतो, अभिक्रिया होते, सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. त्याच धर्तीवर पुढे मोनॉक्साइड आणि सल्फाइडचे सेन्सर झाले.

यातला सल्फाइड गटारातला. सडक्या अंड्याचा हा वास अगदी नगण्य प्रमाणातही येतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की वास आला तर कळेलच. पण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या, आसपास घ्राणेंद्रिय बधिर होतं आणि वास नाहीसा होतो. ‘आता वास गेला’ म्हणून माणूस उतरतो. तो कोसळला की दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. सेप्टिक टँकच्या आणि बायोगॅसच्या टाकीच्या बातम्यांत एकाच घरातली तीन-चार नावं का असतात, ते यावरून कळतं. डबी सहसा १० पीपीएमलाच ओरडते.

म्हणजे चार आकड्यांची ही डबी खाण, तेलाची टाकी आणि गटार यांचा वारसा आहे. रसायनाच्या कारखान्याचा नाही.

कारखान्याचा धडा भोपाळनं दिला. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू हवेत गेला. त्या कारखान्यात गळती समजायची ती कामगारांचे डोळे चुरचुरले म्हणजे. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८९ चे घातक रसायनांचे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघातांचे नियम आले. कारखान्याच्या कुंपणाबाहेर काय करायचं, याचा आराखडा जिल्हा प्रशासनाकडे हवा, हे त्यातूनच ठरलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ मध्ये उभं राहिलं. त्याची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरेला आहे, आणि दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं शिक्षण दिलं जातं.

कार्बनी वाफांसाठी १९७० च्या दशकात वेगळंच यंत्र आलं होतं: अतिनील दिवा रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि तो प्रवाह मोजला जातो. बेंझिन, टोल्यूईन, अमोनिया त्यात दिसतात. नेहमीच्या दिव्याची ऊर्जा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मिथाइल आयसोसायनेटचा इलेक्ट्रॉन उडवायला लागतात १०.६७. भोपाळचा वायू या दिव्याच्या जेमतेम पलीकडे राहतो.

पुणे जिल्ह्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत, शीतगृहं आणि डेअऱ्यांत अमोनिया आहे, पाणी शुद्ध करायला क्लोरीन आहे, आणि हे सगळं टँकर-ट्रकमधून हायवेनं, घाटातून फिरतं. अमोनियाचा हिशेब बघा. ३०० पीपीएम जिवाला धोकादायक. हवेत तो पेटायला साधारण १५ टक्के, म्हणजे दीड लाख पीपीएम लागतो. ज्वालाग्राही सेन्सर त्याच्या दहाव्या हिश्श्याला वाजतो असं धरलं तरी ते झाले १५,००० पीपीएम, धोक्याच्या पन्नास पट. फुप्फुसं भाजून निघतील आणि डबीला अजून काही झालेलं नसेल.

म्हणून उलटलेल्या टँकरपाशी जाताना डबीच्या आधी पाटी वाचतात, लांबून, वाऱ्याकडे पाठ ठेवून, जमलं तर दुर्बिणीतून. त्यावरचा रसायन ओळखायचा चार आकडी क्रमांक १००५ असेल तर अमोनिया, अतिनील दिव्याचं यंत्र तो दाखवेल. १०१७ असेल तर क्लोरीन, हवेच्या अडीच पट जड, उताराकडे आणि नाल्यात साचणारा. त्याला नेहमीचा अतिनील दिवाही पुरत नाही आणि चार आकड्यांच्या डबीत त्याची जागा नाही. मग गाडीतून क्लोरीनचा स्वतंत्र सेन्सर काढायचा, नाहीतर रंग बदलणारी काचेची नळी, जी जर्मनीच्या ड्रेगर कंपनीनं १९३७ मध्ये आणली होती. नळीची दोन्ही टोकं मोडायची, हातपंपाला लावायची, ठरलेले दट्ट्ये मारायचे आणि रंग कुठल्या रेघेपर्यंत चढला ते बघायचं.