बेरिलच्या वाटेवरची बेटं

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची एक लांबलचक कमान आहे. दक्षिणेला ग्रेनाडा, मग ग्रेनेडीन्सची चिमुकली बेटं, सेंट व्हिन्सेंट, सेंट ल्युसिया, मार्टिनिक, डॉमिनिका अशी ही रांग उत्तरेकडे जाते. अटलांटिकमधली वादळं येतात पूर्वेकडून, म्हणजे या रांगेला जवळजवळ काटकोनात. त्यामुळे वादळ रांग नेमकी कुठे ओलांडणार, यावर सगळं अवलंबून असतं. वाट तीस-चाळीस किलोमीटर इकडची तिकडे झाली, तरी एक बेट वाचतं आणि शेजारचं उद्ध्वस्त होतं.

१ जुलै २०२४ रोजी बेरिल या चक्रीवादळाचं केंद्र कॅरिअकू बेटावरून गेलं. ग्रेनाडा देशाचा भाग असलेलं हे बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं आहे. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी २२० किलोमीटरहून अधिक होता. अर्ध्या तासात कॅरिअकू जमीनदोस्त झाल्याचं ग्रेनाडाचे पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं. शेजारच्या युनियन बेटावर सुमारे ९० टक्के घरांचं नुकसान झालं.

अशा वादळांचं बीज पडतं ते आफ्रिकेत. तापलेलं सहारा आणि त्या मानाने थंड असलेला गिनीच्या आखाताचा किनारा, या दोहोंमधल्या तापमानाच्या फरकामुळे तिथल्या वातावरणात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार वारा तयार होतो. उन्हाळ्यात त्यात दर तीन-चार दिवसांनी एक लहर उठते आणि समुद्रावर उतरते. बहुतेक लहरी विरून जातात. जूनमध्ये तर सहाराची कोरडी, धुळीने भरलेली हवा त्यांना दबवते, आणि समुद्रही अजून पुरेसा तापलेला नसतो. म्हणून या भागात मोठी वादळं येतात ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

बेरिलने हे वेळापत्रक मोडलं. २८ जूनला तो नुसता कमी दाबाचा पट्टा होता, आणि पुढच्या ४२ तासांत, वाऱ्याच्या वेगानुसार ठरणाऱ्या पाच श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीचं चक्रीवादळ झालं. अटलांटिकमध्ये एवढ्या झपाट्याने बळ धरणारी वादळं मोजकीच, आणि यापूर्वीची सगळी सप्टेंबर किंवा त्यानंतरची. बेरिल जून संपण्याआधीच चौथ्या श्रेणीत पोहोचलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून जूनमध्ये असं कधी झालं नव्हतं.

कारण पाण्यातच होतं. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्रावरून उठणारी वाफ. ती वर जाऊन थंडावते, तिचे ढग होतात, आणि त्या वेळी बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे हवा आणखी जोराने वर चढते. खाली दाब घटतो, भोवतालची हवा आत धावते, वारा वाढतो, आणि वारा वाढला की वाफही वाढते. पण या चक्राला एक नैसर्गिक लगाम आहे. वादळ समुद्र घुसळतं आणि खालचं थंड पाणी वर आणतं. कढत पाण्यात विसण घालावं, तसं ते स्वतःच आपल्या इंधनात थंड पाणी मिसळतं. २०२४च्या जूनमध्ये मात्र पाणी नुसतं पृष्ठभागावर नाही, तर खोलवर तापलेलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर असावी एवढी उष्णता जूनमध्येच साठली होती. घुसळलं तरी वर येत होतं ते कोमट पाणीच.

वादळाची वाट आता पुष्कळ आधी सांगता येते. ते मोठ्या प्रमाणावरच्या वाऱ्यांबरोबर ढकललं जातं आणि ते वारे उपग्रहांना, संगणकांना चांगले कळतात. ताकदीचा अंदाज मात्र अवघड, कारण ती ठरते डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या शांत मध्याभोवतीच्या, काही किलोमीटरच्या ढगांच्या भिंतीत. म्हणूनच विमानं थेट वादळात शिरतात आणि हवेचा दाब, आर्द्रता, वारा मोजणारी उपकरणं छोट्या छत्र्यांना बांधून खाली सोडतात. अंदाजाच्या नकाशावरच्या शंकूबद्दलही एक गोष्ट लोकांना पुन्हा पुन्हा सांगायला हवी. तो शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे, एवढंच तो सांगतो. शंकूबाहेरही पाऊस, लाटा आणि वारा पोहोचतात.

बार्बाडोसला याचा अनुभव आला. बेरिलचं केंद्र या बेटाच्या शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेकडून गेलं, तरी लाटांनी तिथल्या मासेमारी नौकांचा मोठा ताफा मोडला. टी-ट्वेंटी विश्वचषक २९ जूनला तिथेच जिंकलेला आपला संघ याच वादळामुळे अडकला होता आणि ४ जुलैला मायदेशी परतला.

निसर्ग वादळ ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जमिनीवर येताच त्याचं बळ ओसरू लागलं. किनाऱ्यावरच्या माणसांना आत जायला जागाही होती. कॅरिअकूला यातलं काहीच नाही. एवढ्याशा जमिनीने वादळाला अडथळा होत नाही. बेरिल त्यानंतर एका दिवसाच्या आत पाचव्या श्रेणीत गेलं. आणि माणसांना पळायला ‘आत’ नसतं, असतं ते फक्त मजबूत छप्पर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, शिवाय छपरावरून वाहणारा वारा पत्र्याला वर ओढतो. म्हणून वासा आणि भिंत यांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या इथे जीव वाचवतात. पण त्या पट्ट्या ठोकायला दिवस लागतात, आणि बेरिलने दिलेला अवधी होता दोन-तीन दिवसांचा.

वादळानंतर ग्रेनाडाला कॅरिबियन देशांच्या सामायिक आपत्ती विमा योजनेतून ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. या विम्यात पडलेली घरं मोजत बसत नाहीत. वादळाची वाट आणि वाऱ्याचा वेग यांवरून नुकसानीचा हिशेब गणिती पद्धतीने होतो, त्यामुळे पैसे काही आठवड्यांत हाती येतात. ग्रेनाडाने कर्जरोख्यांतलं एक कलमही वापरलं, जे मोठ्या वादळानंतर हप्ते पुढे ढकलू देतं. छपरं पुन्हा घालायला लागलेले पैसे काही अंशी या दोन तरतुदींतून आले.