हरणांची संख्या आणि जंगलातला चारा (सागरेश्वर व चांदोली)

एखाद्या जंगलात हरणं किती असावीत हे तिथला चारा, पाणी, झाडोरा आणि हरणांना खाणारे प्राणी बघून ठरवावं लागतं. सांगली जिल्ह्यात याची दोन एकदम उलटी उदाहरणं आहेत.

सागरेश्वर अभयारण्य कडेगाव तालुक्यात, देवराष्ट्रेजवळ. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किमी. आधी हा उघडाबोडका डोंगर होता, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी चिकाटी लावून तिथं झाडं जगवली, कुंपण झालं, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. माणसांनी उभं केलेलं जंगल आहे हे, म्हणून त्याचं जास्तच कौतुक वाटतं. पण जागा बंदिस्त, वाघ नाही, त्यामुळं चितळं वाढतच गेली. चितळ मुख्यतः गवत खातं आणि सांबर पाला, कोवळे शेंडे, साली यांवर जास्त असतं, दोन्ही वाढले की उन्हाळ्यात खाली काही उरत नाही, नवीन रोपं वर यायच्या आधीच खुडली जातात. म्हणजे झाडं वरून हिरवी दिसतात पण त्यांच्या जागी पुढं येणारी पिढीच नसते, आणि लांबून बघणाऱ्याला हे कळतही नाही. मग हरणं कुंपणाबाहेर शाळूत, हरभऱ्यात, उसात शिरतात आणि शेतकऱ्याला रात्र रात्र राखणीला बसावं लागतं. त्याचा राग चुकीचा आहे असं मला अजिबात वाटत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळं शिकार करून संख्या कमी करणं हा मार्ग आपल्याकडं नाही. राहतं स्थलांतर. सागरेश्वरची चितळं चांदोलीला नेली गेली ती याच विचारातून. चांदोली हा २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, तिथं वाघ टिकायचा तर भक्ष्य वाढलं पाहिजे. पण हरीण फार घाबरट जनावर, नुसत्या धसक्यानंही मरतं, त्यामुळं दोरीनं किंवा जाळ्यानं पकडण्यापेक्षा बोमा पद्धत बरी, म्हणजे नरसाळ्यासारखं आडोशाचं कुंपण करून कळप हळूहळू आत घ्यायचा आणि तिथूनच गाडीत चढवायचा. नव्या ठिकाणीही आधी कुंपणात ठेवून मग मोकळं सोडतात.

चांदोलीत अडचण वेगळी. पाऊस प्रचंड, झाडी दाट, आणि चितळाला लागतं मोकळं गवत. पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर गवताळ पट्टे आहेत, ते तसेच सोडले तर झुडपं वाढून बंद होतात, म्हणून झुडपं काढणं, गवत राखणं ही कामं केल्याशिवाय नुसती हरणं सोडून उपयोग नाही.

मोजणी हा सगळ्याचा पाया. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावरून होते ती लोकांना माहीत असते, पण तेवढ्यावर भागत नाही, ठरलेल्या रेषेवर चालून केलेली मोजणी, लेंड्यांच्या नोंदी, आणि सागरेश्वरसारख्या ठिकाणी तर किती रोपं गुडघ्याच्या वर गेली हेही दरवर्षी बघावं लागतं.